सावाली

काठ्या सांगायला ती आली तेव्हा
मी सुपाचा काठ वळत होतो.
काखेपासून बोटापर्यंत हात ताणून म्हणाली, एवढी.
अंगठ्याला तर्जनी टेकवली, एवढी जाड.
किती? तर चोवीस.
म्हटलं, बाई, गाई राखायले एक पुरते.

होमेंद्र पटल्याची बायको.
कुवेतच्या दवाखान्यात तो गाडी चालवायचा,
ती इंजेक्शनं द्यायची.
नाव लुझविमिंडा. तिकडच्या बेटांची तीन नावं
एका नावात वळलेली, असं तीच सांगते.
चिचटोल्यानं त्यातलं पहिलंच ठेवलं, लुजाबाई.
उरलेल्या दोन बेटांची चौकशी कुणी केली नाही.

तिच्याकडे काठी वेताची.
वेत मार खाऊन पिंजतो, फुटत नाही.
बांबू फुटला की त्याची कुसं बोटात.
आता वेत मी कुठून आणू?
मानवेल काढला, टेकडीच्या अंगचा, तीन पावसाळे जुना,
आतून जवळजवळ भरीव.
तेल चोळून निखाऱ्यावर फिरवला,
पेरं तासली.
पैसे मोजून घेतले, खोटं कशाला बोलू.

समाजमंदिरामागच्या खळ्यावर
सातवी-आठवीच्या पोरी.
आधी काठी कपाळाला.
याला ती पुगाय म्हणते. समोर वैरी असला तरी
आधी वंदन.
चित्रलता बिसेन म्हणाली, मंग मारू कवा?

उसा, दुहा, तुलो, उपात.

थोरली जाऊ कुंपणापाशी थांबली.
पोरीच्या जातीले काठ्या काहून?
लुजाबाईनं मोडक्या मराठीत आजा सांगितला.
परक्या राजानं पाती काढून घेतली, काठ्या उरल्या.
काठ्या काढून घेतल्या, नाच उरला.
नाचात त्यांनी सगळं लपवून ठेवलं.
खरं-खोटं त्या आज्याला ठाऊक.
जाऊ मात्र दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आली.

मग दोन्ही हातांत काठ्या आल्या.
उजवी वरून, डावी काखेतून,
समोरचीच्या काठ्यांत जाते, निघते, परत जाते.
मी सायकल धरून उभा होतो
आणि माझी बोटं हँडलवर हलायला लागली.
दोन वर, दोन खाली, एक सोड.
हा तं तट्ट्या होय, बाई!

तिला तट्ट्या कळेना. घरी नेलं, भिंत दाखवली.
तिनं हात लावला आणि काढलाच नाही.
सावाली, म्हणाली.
विणलेली भिंत. आईचं घर.
खेळाचं नावही त्यावरूनच, सिनावाली.
म्हटलं, आमची सावली भिंतीच्या पलीकडं पडते.
होमेंद्रानं फोड करून सांगेपर्यंत
ती तिथंच टेकली होती,
माझ्या भिंतीच्या सावलीत.

मंडईच्या रात्री
दंडारीचा म्होरक्या जैराम कुरसुंगे
वीस मिनिटं देतो म्हणाला, दहाच दिली.
दोन लांब बांबू जमिनीवर आपटत होते, मिटत होते,
त्यांच्यात चित्रलताचे पाय.
तिकडच्या धानबांध्यांतलं पाखरू म्हणे, टिकलिंग,
फासांतून असंच पाय उचलत जातं.
बायांत कुणी म्हणालं, पानकोंबडी!
ढोलकीवाला दोनदा चुकला,
तिसऱ्यांदा त्याला पाखरू दिसलं असावं.

आणि सिनावालीत माझी एक काठी फुटली.
चिपी उडाली, थेट जैरामच्या फेट्यात.
माझं काळीज खाली बसलं.
पोरगी थांबली नाही, अर्ध्या काठीनं विणत राहिली.
जैराम उठला. मला वाटलं, संपलं सारं.
त्यानं आपली सागाची टिपरी फेकली.
पोरीनं ती हवेतच धरली,
कपाळाला लावली,
मग घुसली.

लुजाबाईची आई फोनवर दिसली मला एकदा.
मागं सिमेंटची भिंत.
विणलेली वादळात गेली, म्हणाली.
लुजाबाईनं परवा एक लहान तट्ट्या सांगितलाय,
ट्रंकेत मावेल एवढा.
पैसे नको म्हटलं तर रागावली.

तोच विणतोय.
विणताना तिचे आकडे तोंडात येतात,
दुहा वर, दुहा खाली.
उपातच्या पुढचे मला येत नाहीत.